पिलर ड्रिल आली: काय बघून घेतली, कुठवर पोचलो

दिवाणाचे सागवानी पाय, जाडी ७५ मिमी. हातातल्या ड्रिलनं दोन्ही बाजूंनी भोकं पाडली, पण ती मध्ये भेटेचनात. चारपैकी दोन पाय वाया गेले. नागपूरच्या लकडगंजहून निवडून आणलेला माल होता, फार लागलं मनाला.

मग पिलर ड्रिलसाठी, म्हणजे खांबावर बसवलेल्या, बिट सरळ खाली उतरवणाऱ्या मशीनसाठी, इतवारीत लोखंडी सामानाची लोहा ओळ पालथी घातली. दुकानदार आधी दोनच गोष्टी सांगतात: चक (बिट पकडणारा भाग) १३ मिमीचा की १६चा, आणि मोटर किती एचपीची. लोखंडाचं काम करणाऱ्याला हे महत्त्वाचं. आपल्या कामाला १३चा चक आणि अर्धा एचपी पुरतो, फक्त मोटर घरच्या सिंगल फेजवर चालणारी हवी.

मी अडून बसलो ते स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, किती खाली उतरतो यावर. लहान मशीनचा ५० मिमीच्या आसपासच उतरतो. म्हणजे पाय आरपार करायला अर्ध्यात थांबायचं, टेबल वर घ्यायचं. खांब गोल, त्यामुळे टेबलाची पकड सैल केली की ते बाजूला सरकतंच, आणि भोकात पायरी पडते. ८० मिमी उतरणारी मिळाली तेव्हाच पैसे मोजले. दोन मशीनमध्ये अडकला असाल तर एचपी सोडा, हे धरा.

दुसरा हट्ट कमी वेगाचा. कपाटाच्या दाराच्या ऑटो-हिंजसाठी ३५ मिमीचं फॉर्स्टनर बिट (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं) लागतं. ते १४०० आरपीएमवर सागवानात घातलं तर लाकूड काळं पडतं आणि बिटाची धार जाते. सागवानात सिलिका असल्यामुळे धार तशीही लवकर बोथट होते. माझ्या मशीनवर बेल्ट पुलीच्या खालच्या पायरीला टाकला की वेग ५००च्या आसपास येतो. ३ मिमीच्या बिटाला मात्र वरची पायरी.

चकाच्या मध्यापासून खांबापर्यंतचं अंतरही मोजून घ्या. २०० मिमी असेल तर ४०० मिमी रुंद फळीच्या मध्यापर्यंत पोचता येतं.

दुकानातच करायची परीक्षा: स्पिंडल पूर्ण खाली ओढायचा आणि चक धरून आडवा हलवायचा. एका मशीनमध्ये ढिलाई हाताला स्पष्ट जाणवली, ती तिथंच सोडली. टेबलाचा काटकोन तपासायला जाड तार वाकवून चकात धरा, हातानं फिरवा. टोक चारही बाजूंना सारखं टेकलं पाहिजे. माझं बीडाचं टेबल उजवीकडे किंचित झुकलेलं निघालं. खालचा बोल्ट सैल करून, गुण्या लावून सरळ केलं.

पहिल्याच दिवशी चालू मशीनचा चक निखळून पडला. चक ज्या निमुळत्या टोकावर बसतो, त्या टेपरवर कारखान्याचं ग्रीस तसंच होतं. रॉकेलनं दोन्ही भाग पुसून कोरडे केले, चकाचे जबडे आत घेतले आणि लाकडी हातोडीनं खालून ठोकून बसवला. तेव्हापासून घट्ट आहे.

या आठवड्यात टेबलावर १८ मिमी प्लायची फळी चढवली, मागे सरकती आडपट्टी लावली. भोकाखालचा चौकोनी तुकडा बदलता येतो, त्यामुळे खालून चिरफळ्या निघत नाहीत. पावसाळ्याआधी खांबाला मेण चोळायचं राहिलंय. नव्या दोन पायांत काल भोकं पाडली: आरपार, एका दमात, आत पायरी नाही.