जिन्याखालची भिंत

मुंबईत जिन्याखालची जागा कोणी रिकामी सोडत नाही. ड्युप्लेक्स सदनिकेतल्या आतल्या जिन्याखाली चपलांचे कपाट, इन्व्हर्टर किंवा वर्षभराचे धान्य येतेच, आणि ती जागा बंदिस्त करायला भिंतही लागते. प्लॅनमध्ये ही भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. संगणकावरच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये मात्र तिचा माथा जिन्याच्या उताराबरोबर तिरका जायला हवा, आणि रेव्हिट या इमारतींची मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या पुष्कळांचे घोडे इथेच अडते. (इमारतीच्या सार्वजनिक जिन्याची गोष्ट वेगळी. साठवणीची खोली थेट जिन्यात उघडू नये, असे राष्ट्रीय इमारत संहिता, 2016 सांगते, त्यामुळे तिथे मी असे कोठार दाखवतच नाही.)

रेव्हिटमध्ये भिंतीचा माथा छप्पर, स्लॅब, सीलिंग किंवा रेफरन्स प्लेन (संदर्भासाठी घातलेले काल्पनिक प्रतल) यांना ‘अटॅच’ करता येतो, म्हणजे जोडता येतो. जिन्याला करता येत नाही. म्हणून नुसती भिंत रेखली की ती जिना भेदून वरच्या मजल्यापर्यंत जाते. त्यावर पटकन सुचणारा उपाय म्हणजे ‘एडिट प्रोफाइल’ वापरून भिंतीची बाह्यरेषा हाताने तिरकी करणे. मीही बरीच वर्षे तेच करत असे.

गोरेगावच्या एका कामात मजल्याची उंची 3000 मिलिमीटरवरून 3150 झाली. 150 उंचीच्या वीस पायऱ्यांच्या एकवीस झाल्या, आणि लँडिंग (जिन्यातला मधला सपाट टप्पा) प्लॅनमध्ये जागेवरच ठेवायचे असल्यामुळे खालचा फ्लाइट, म्हणजे पायऱ्यांची सलग रांग, 300 मिलिमीटर अलीकडून सुरू केला. जिना नव्या मापाने बदलला, भिंतीचे प्रोफाइल मात्र जुन्याच रेषेवर राहिले. ड्रॉइंग तसेच साइटवर गेले आणि ब्लॉक रचून झाल्यावर गवंडी म्हणाला, “ताई, भिंत खाली राहिली की!” भिंतीचा माथा आणि जिन्याचा तळ यांच्यामध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर एका रायझरची, म्हणजे एका पायरीच्या उंचीइतकी 150 मिलिमीटरची, फट होती.

तेव्हापासून मी आधी जिन्याचा सेक्शन (उभा छेद) काढते, त्यात वेस्ट स्लॅबच्या, म्हणजे पायऱ्यांखालच्या तिरक्या काँक्रीट स्लॅबच्या, तळाशी समांतर रेफरन्स प्लेन घालून त्याला नाव देते, आणि जिन्याखालच्या सगळ्या भिंतींचे माथे त्याला अटॅच करते. जिना बदलला तर प्लेन हाताने सरकवावे लागते हे खरे, पण एक प्लेन सरकवले की सगळ्या भिंती हलतात. लँडिंगखाली माथा आडवा होतो, म्हणून तिथे मी भिंत तोडून दुसरी घेते.

प्लेन नेमके कुठे घालायचे, यात चूक फार होते. वेस्ट स्लॅबची जाडी उताराला काटकोनात मोजतात, उभी नाही. रायझर 150, ट्रेड (पायरीची रुंदी) 300 आणि वेस्ट 150 असेल तर पायरीच्या आतल्या कोपऱ्यापासून तळापर्यंतचे उभे अंतर सुमारे 168 मिलिमीटर भरते. सरळ 150 उतरून प्लेन घातले तर भिंत 18 मिलिमीटर काँक्रीटमध्ये घुसते.

आर्किकॅड या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम मला अधिक सोपे वाटते. तिथल्या सॉलिड एलिमेंट ऑपरेशनमध्ये भिंत ‘टार्गेट’ आणि जिना ‘ऑपरेटर’ धरून ‘सबट्रॅक्शन विथ अपवर्ड्स एक्स्ट्रूजन’ निवडले की जिन्याने व्यापलेला आणि त्याच्या वरचा भिंतीचा भाग निघून जातो, आणि पुढे जिना बदलला तरी हा संबंध टिकतो. मात्र प्लॅनमध्ये भिंत जिन्याने व्यापलेल्या जागेतच हवी. ती जिन्याच्या कडेला लागून बाहेर उभी असेल तर काहीच कापले जात नाही.

मोजमापासाठीही ही काळजी घ्यावी लागते. वरच्याच मापाचा दहा ट्रेडचा फ्लाइट घेतला तर त्याखालची तिरकी भिंत जेमतेम पावणेदोन चौरस मीटर असते. तीच 3 मीटर लांबीची आणि 2.9 मीटर उंचीची अखंड ठेवली तर शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून निघणाऱ्या मापांच्या तक्त्यात, 8.7 चौरस मीटर दिसते, आणि ब्लॉकची मागणी त्याच आकड्यावरून जाते.

शिवाय मी भिंत काँक्रीटच्या तळाशी थांबवते, प्लास्टरच्या तळाशी नाही. ब्लॉक आणि काँक्रीट यांच्या तिरक्या सांध्यावर प्लास्टरला हमखास भेग पडते, म्हणून तिथे जाळी मारावी लागते, आणि त्या जाळीची लांबी मी आता मॉडेलमधल्या याच तिरक्या कडेवरून मोजून साइटला कळवते.