प्रत्येक म्यावला दुधाची वाटी

आमच्या विदर्भातल्या खेड्यांत मांजराचे पिलू रडताना ऐकू आले की पहिली धाव दुधाच्या गंजाकडे जाते. पिलू मात्र त्याच एका चिरक्या आवाजात भुकेबरोबर थंडी, एकटेपण, दुखणे आणि कुठे तरी अडकणे हे सगळेच सांगत असते. म्हणून नुसता आवाज ऐकून भागत नाही. ते कुठे पडले आहे, हाताला कसे लागते आणि आई आसपास आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

भाव चढेल या आशेने आमच्याकडे कापूस महिनोन्‌महिने घरातच भरलेला असतो, आणि त्या ढिगाइतकी उबदार बाळंतिणीची खोली मांजरीला दुसरी मिळत नाही. पंचाईत होते ती कापूस गाडीत भरायला घेतल्यावर. मांजर पिलांना सात घरे फिरवते असे म्हणतात, पण तिच्या तोंडात एका वेळी एकच पिलू मावते, आणि मागे राहिलेले तोवर घर डोक्यावर घेते. ते रडणे आपल्यासाठी नसतेच, आईला ठिकाण कळावे म्हणून असते. अशा वेळी दयेपोटी पिलू उचलून नेणारा माणूस मायलेकरांची चुकामूक तेवढी घडवतो. कुत्र्यांचे किंवा चाकाखाली येण्याचे भय नसेल आणि पिलू गारठलेले नसेल, तर लांब सरकून काही तास वाट पाहावी, कारण माणूस उशाशी उभा असेपर्यंत मांजर बहुधा येत नाही.

आई आलीच नाही, तरीही दूध दुसऱ्या क्रमांकावर येते. जन्मानंतर सुमारे ३ आठवडे पिलाला स्वतःचे अंग गरम राखता येत नाही, आणि आमच्याकडे पौषातल्या कित्येक रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. शेजारच्या आजीने अशाच एका पिलाच्या पोटाला हात लावून निकाल दिला होता, "दूध कायले देता बाप्पा? गारठलं थे. पयले त्याले गरम करा." पशुवैद्यकशास्त्रही हेच सांगते, कारण गार पडलेल्या पिलाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून जवळ ठेवावी, मात्र जास्त तापले तर पिलाला सरकता येईल इतकी जागा सोडावी. आणि इतका वेळ आकांत करणारे पिलू गार अंगाने एकाएकी गप्प झाले, तर ते निजले असे समजून निश्चिंत होऊ नये. मला तरी रडण्यापेक्षा त्या शांततेची जास्त धास्ती वाटते.

गाईच्या दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पुष्कळ पिलांना सोसत नाही आणि हगवण लागते. शिवाय मांजरीच्या दुधात प्रथिने त्याहून बरीच जास्त असतात. पिलांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, ती पशुवैद्यकाला विचारून आणावी. पहिल्या आठवड्यात दर २ ते ३ तासांनी पाजावे लागते, तेही पिलाला पालथे ठेवून, कारण उताणे धरले की दूध फुप्फुसात जाऊ शकते. पोट टम्म असूनही रडणे थांबत नसेल, तर त्याला मोकळे व्हायचे असते. आई चाटते तेव्हाच इतक्या लहान पिलाला लघवी-शी होते. आपण कोमट, ओल्या फडक्याने हलकेच पुसायचे.

मोठी मांजरे एकमेकांशी फारशी म्याव करत नाहीत, ती भाषा त्यांनी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवलेली असते. त्यामुळे पहाटे दाराशी केलेल्या प्रत्येक म्यावला वाटी मिळाली, तर थोड्याच दिवसांत पहाट आणखी लवकर होऊ लागते, याचा दोष पिलाला देता येत नाही.

सोयाबीनच्या पोत्यांना उंदीर लागले की लोक पिलू मागायला येतात, तेही डोळे उघडताच, म्हणजे अवघ्या २ आठवड्यांचे. त्यांना मी पिलू ८ आठवड्यांचे होईपर्यंत निक्षून थांबवतो. तेवढे थांबूनही नव्या घरी पहिल्या काही रात्री पिलू रडतेच, आई आणि भावंडांसाठी. म्हणून देताना त्याच्याबरोबर जुन्या अंथरुणाचा न धुतलेला तुकडा देतो आणि दूध पुढे न करता तो तुकडा त्याच्या अंगाखाली घालायला सांगतो.