१२९० सालाचं प्रदर्शन आणि 'घटनेचा दिनांक'

वाचनालयातर्फे आम्ही एकच साल धरून प्रदर्शन केलं, त्या साली जगात कुठे काय चाललं होतं ते. साल ज्ञानेश्वरीचं, १२९०. मजकूर, चित्रं, फ्लेक्सवाला सगळं पटापट झालं. अडलो ते हॉलच्या परवानगीत, अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

अर्जासोबत फलकांची यादी लावायची आणि त्यात रकाना 'घटनेचा दिनांक', दिवस-महिना-साल, रिकामा ठेवायचा नाही. बाकीच्यांचं जमलं. १ मार्च, पोर्तुगालच्या दिनिश राजाने विद्यापीठाची सनद काढली, लिस्बनला, पुढे ते कोइंब्राला गेलं. ८ जून, फ्लॉरेन्समध्ये इटालियन कवी दांतेची प्रेयसी बिआत्रिचे वारली, जिच्यावर त्याने कविता लिहिल्या. १८ जुलै, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ज्यूंना देश सोडायचा हुकूम काढला, तोही नेमका त्यांच्या जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाच्या दिवशी, मुदत १ नोव्हेंबर.

ज्ञानेश्वरीपाशी आलो आणि खिडकीतले साहेब म्हणाले, तारीख?

म्हटलं साहेब, ग्रंथाच्या शेवटी 'शके बाराशतें बारोत्तरें' एवढंच आहे, तिथी नाही, वार नाही. राजा रामचंद्र यादव आहे, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा आहेत, दिवस नाही. ते म्हणाले, मग १ जून टाका ना, आमच्या आजोबांचीही तीच आहे. शाळेत मास्तरांनी टाकलेली १ जून आपल्याकडे घरोघरी आहे, पण ज्ञानेश्वरीला ती चिकटवायची? मी नाही म्हटलं. मग म्हणे निदान साल तरी नक्की आहे ना, तर तेही सांगून बघितलं की शके १२१२ चैत्रात सुरू होऊन पुढच्या फाल्गुनापर्यंत चालतं, म्हणजे शेवटचे दोन-तीन महिने १२९१ मध्ये जातात. हे सांगायला नको होतं असं सोबतचे म्हणाले, मला अजूनही वाटतं सांगितलं ते बरोबरच, कारण खोटी तारीख एकदा फलकावर छापली की लोक फोटो काढतात आणि ती फिरत राहते.

अर्ज परत. पुन्हा गेलो तर ते साहेब रजेवर, नंतर गेलो तर म्हणे वरून विचारावं लागेल. शेवटी वरच्यांनी तोडगा काढला, स्वयंघोषणापत्र द्या की 'सदर घटनेचा दिनांक उपलब्ध नाही'. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या वतीने मी सही केली! खरं सांगतो, ती सही करताना थोडा अभिमान वाटला.

कुणाला असं करायचं असेल तर युरोपच्या सगळ्या तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या असतात, आजच्यापेक्षा त्या काळी ७ दिवस मागे, त्या बदलत बसू नका, तशाच ठेवा. पोर्तुगालमध्ये तर त्यांचा वेगळा शक होता, ३८ वर्षं पुढचा, म्हणजे आपलं १२९० त्यांचं १३२८. हे त्या खिडकीत मी मुद्दाम बोललो नाही.

दिल्लीचा फलक मात्र न चुकता ठेवा. त्याच साली गुलाम घराणं संपलं आणि जलालुद्दीन खलजी गादीवर आला, आणि त्याचाच पुतण्या अलाउद्दीन १२९६ ला देवगिरीवर, त्याच रामचंद्र यादवावर चालून आला. ज्ञानेश्वरीच्या शेजारी हा फलक लावला तर वेगळं काही समजवावं लागत नाही.

गर्दी कुठे झाली म्हणाल तर त्याच एडवर्डच्या एलिनोर राणीपाशी. २८ नोव्हेंबरला ती लिंकनजवळ वारली, एडवर्डने तिचं शव लंडनला वेस्टमिन्स्टरला नेलं आणि वाटेत रात्री जिथे जिथे मुक्काम पडला तिथे पुढे दगडी क्रॉस उभारले, एकूण १२, लंडनचं चेअरिंग क्रॉस त्यातलंच. ज्यूंना हाकलणारा हाच माणूस, म्हणून दोन्ही फलक समोरासमोर लावले होते.

आणि हो, अर्ज दोन प्रतींत न्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर जाऊच नका.