किल्ली

सातवीत वर्गवाचनालयाच्या कपाटाची किल्ली बाईंनी माझ्या हाती दिली आणि मी मोठा साहेबच झालो. कुणी पुस्तक मागितलं की हात धुतलेत का, घरात लहान भावंडं आहेत का, परत कधी देणार, अशी उलटतपासणी. दोन महिन्यांत कुणी मागेनासंच झालं. वर्षअखेरीला ४० च्या ४० पुस्तकं, कोरी करकरीत, बाईंच्या टेबलावर मांडली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

बाईंनी नोंदवही उघडली. तीही जवळजवळ कोरीच. "कपाट छान सांभाळलंस हो," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बायबलच्या तासाला मत्तयच्या पुस्तकातलं २५ वं प्रकरण वाचायला लावलं, तेही मलाच. धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालांत (पैशाचं जुनं माप) सोपवतो. एकवाला आपला वाटा जमिनीत पुरतो. तोवर मला त्याची दया यायची, बिचाऱ्याला एकच मिळाला म्हणून. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक रोज. जवळपास २० वर्षांची मजुरी! ती याने मातीत घातली, वर धन्यालाच 'तू कठोर आहेस' म्हणून ऐकवलं. "चोरी नव्हती केली हं त्याने," बाई म्हणाल्या. माझे कान तापले.

येशूचा शिष्य पेत्र याने आपल्याला देवाच्या कृपेचे कारभारी म्हटलंय, हेही त्याच तासाला कळलं. 'कारभारी' ऐकून मागचे बाक खिदळले, ते वेगळंच.

आठवीत किल्ली पुन्हा माझ्याकडेच. त्या वर्षी पुस्तकं फाटली, एक शाईने भिजलं, तीन हरवली. वही भरली. बाई खूश!

बाईंचे आभार भाषणात मानणं सोपं आहे. पण तो सातवीतला किल्लीवाला अजून मधूनच डोकं वर काढतो. वेळ, पगार, शिकलेलं चार अक्षरांचं काही, सगळं कुलपात ठेवावंसं वाटतं.

शाळेला ५० वर्षं झाली. ज्युबिली हा शब्द मुळात बायबलमधल्या योबेल वर्षावरून आला. तिथल्या लेवीय पुस्तकाच्या २५ व्या प्रकरणात त्या पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाते, कारण जमीन देवाची, माणसं तिथे उपरी. तेव्हा कबूल करतो : हरवलेल्या तिनांतलं एक माझ्याच घरी होतं. या लेखासोबत पाठवतोय. मलपृष्ठ गेलंय, आणि मधल्या एका पानावर माझ्या मुलीने हत्ती काढलाय.