दोन रुपयांचा आक्षेप

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. मालवण तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. निवडणुकीची ड्युटी शिक्षकाला नवी नाही. यंत्र, सील, सतराशे साठ पाकिटं आणि रात्रभर शाळेच्या बाकावर अंग दुखवून घेणं, हे सगळं ठरलेलं असतं. त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

सकाळची गर्दी ओसरत होती. तेविशीचा एक रिक्षावाला आत आला. पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं त्याचं नाव मोठ्यानं वाचलं. नाव मराठी, आडनाव नेपाळी. नाकडोळ्यांवरूनही कोणी नेपाळी म्हणावं असाच. ओळखपत्र बरोबर, यादीतला अनुक्रमांक बरोबर. तेवढ्यात एका पक्षाचे एजंट उठले.

"सर, ह्यो नेपाळी. ह्येका मत देवूक देव नकात."

मी नियम सांगितला. मतदाराच्या ओळखीवर एजंटला आक्षेप घेता येतो. दोन रुपये भरायचे, मी पावती देतो, नमुना १४ मध्ये नोंद करतो आणि तिथल्या तिथे चौकशी करतो. आक्षेप उगाचच घेतलेला निघाला तर दोन रुपये सरकारजमा. पण प्रश्न एकच चालतो : यादीतली व्यक्ती ती हीच का? यादीत नाव असलेला माणूस नागरिक आहे की नाही, हे मतदान केंद्रावर उकरायचं नसतं.

एजंटनी खिशातून दोनाचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. मी विचारलं, "मग लिहू ना, की हा तो नव्हे?"

ते गप्प झाले. एजंट शक्यतो त्याच भागातला मतदार असावा असं म्हणतात, ते यासाठीच. तो माणसं ओळखतो. आणि हे तर चांगलेच ओळखत होते.

"तोच तो. बारको होतो तेव्हापासून वळाखतंय मी तेका."

"मग आक्षेप कशावर?"

उत्तर रिक्षावाल्यानंच दिलं. आवाज चढवला नाही, पण कान लाल झाले होते. "काका, गणपतीत आमच्याकडे भजनाक येतास, तेव्हा मी खंयचो असतंय?"

रांगेत कोणीतरी हसलं. नाणं परत खिशात गेलं. पोरानं शाई लावून घेतली, बटण दाबलं आणि मागे न बघता गेला.

दुपारी सामसूम असताना बाकीच्या एजंटांकडून हकिगत कळली. देवगड-रत्नागिरीकडे हापूसच्या बागांत नेपाळी राखणदार असतात, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर नेपाळी खलाशीही असतात. तसाच याचा बाप बागेत राखणीला आला आणि इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. पोराचा जन्म इथला, आई इथली. १ जुलै १९८७ रोजी किंवा त्यानंतर आणि ३ डिसेंबर २००४ च्या आधी भारतात जन्मलेल्याचे आई किंवा बाप यांपैकी एक जण भारतीय नागरिक असला की तो जन्मानं नागरिक. म्हणजे कायद्याच्या बाजूनंही बोलायला जागा नव्हती.

पोरगं विरोधी पक्षाचं काम करतं, असंही कळलं. म्हणून झालं, असं म्हणून मला सोडून देता येईना. त्या पक्षाची कितीतरी मतं सकाळपासून डोळ्यांसमोर पडली होती, तेव्हा हे जागचे हलले नव्हते. हा एकच चेहरा असा होता की ज्याच्यावर तो प्रश्न चिकटवता येत होता.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष ओबामा यांचं हेच झालं. ते अमेरिकेत जन्मलेच नाहीत, म्हणून अध्यक्ष होऊ शकत नाहीत, असा संशय घेतला गेला. जन्म १९६१ चा, होनोलुलूतला, म्हणजे अमेरिकेतलाच. २००८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले मॅकेन जन्मले पनामा कालव्याच्या अमेरिकी पट्ट्यात. मॅकेन यांच्याबद्दल शंका निघाली, ती सिनेटनं एप्रिल २००८ मध्ये एकमतानं ठराव करून मिटवली. ओबामांना त्याच वर्षी जन्माचा दाखला दाखवावा लागला, एप्रिल २०११ मध्ये रुग्णालयाच्या नावासकट सविस्तर दाखला द्यावा लागला, तरी संशय घेणारे उरलेच. ट्रम्प यांनी ओबामा अमेरिकेतच जन्मले हे जाहीरपणे मान्य केलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये.

सकाळचे तेच एजंट जेवताना रंगात आले होते. विषय लिओ वरडकरांचा. वडिलांचं मूळ गाव वरड, मालवण तालुक्यातलंच. आई आयरिश, जन्म डब्लिनचा, २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान. २०१९ च्या डिसेंबरात ते वरडला आले, तेव्हाच्या गर्दीचं वर्णन एजंट स्वतः गर्दीत असल्यासारखं करत होते. "आयर्लंडचे लोक मोठ्या मनाचे, सर. रंग बघूक नाय." तसं अगदीच नाही. केवळ तिथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळायचं, तो हक्क त्याच आयरिश मतदारांनी २००४ च्या सार्वमतात मोठ्या बहुमतानं काढून घेतला. पण मी ते काढलं नाही.

संध्याकाळी यंत्र सील करताना ते स्वतःहून जवळ आले. "सर, सकाळचा मनात ठेव नकात. वैयक्तिक काय नाय. पण दिसता नेपाळीच मा?"

मी म्हटलं, "वरडकर डब्लिनमध्ये कसे दिसत असतील?"

त्यांनी सीलवर सही केली, पेन खिशाला लावलं.

"तेंचो बापूस डॉक्टर, सर. ह्येचो बागेत राखणीक हा."