दहा सेकंदांचा हिशेब

गिरगावातल्या आमच्या वाचनालयात सात कॉम्प्युटर आहेत. चार वर अभ्यासिकेत, तीन खाली ग्रंथपाल काकांच्या टेबलाच्या रांगेत. माझं माहेर तिथलंच, त्यामुळे शनिवारी सुट्टी असली की चर्नी रोडला उतरते आणि ही मशिनं बघून येते. पगारी काम नाही हे. शाळेत असताना तिथली पुस्तकं वाचून मोठी झाले, तेवढं नातं पुरेसं आहे.

महिनाभर काकांची एकच तक्रार होती. "अगं, खालचे तिन्ही कॉम्प्युटर फार रखडतात. वय झालं त्यांचं. कमिटीपुढे विषय घेऊ का नवीन घ्यायचा?" कमिटीकडे किती पैसे असतात ते मला माहीत आहे. नवीन मशिनं घ्यायची म्हणजे वर्षभराची पुस्तकखरेदी गेली. म्हणून म्हटलं, काका, थांबा जरा, मला बसून बघू द्या.

बसले. फायरफॉक्स उघडून विद्यापीठाची साइट टाकली. पान कोरं. खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "लुकिंग अप", म्हणजे पत्ता शोधतोय, असं आलं आणि तिथेच थांबलं. मनगटावरच्या घड्याळात सेकंदकाटा बघत मोजले. दहा झाले आणि पान धाडकन पूर्ण उघडलं. दुसरी साइट टाकली. परत दहा. ना नऊ, ना बारा. मशीन म्हातारं असतं तर कधी सात लागले असते, कधी पंधरा. इतका नेमका आकडा आला की समजावं, कुठेतरी कोणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती फार मोलाची निघाली. "आपली सूची मात्र लगेच उघडते हं. आणि एकदा एखादी साइट उघडली की मग पटापट चालते. चहा पिऊन आलं की परत तेच."

पुस्तकांची सूची तिसऱ्या मशीनवर आहे. तिचं नाव आणि पत्ता मी सगळ्या मशिनींच्या होस्ट्स फाइलमध्ये हाताने लिहून ठेवलाय. नाव शोधायचं झालं की मशीन आधी ती फाइल बघतं आणि तिथे नसेल तरच बाहेर विचारतं. हा क्रम एन-एस-स्विच नावाच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो: आधी फाइल्स, मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी यंत्रणा. म्हणजे घरातलं नाव लगेच सापडत होतं आणि बाहेरचं अडत होतं. फायरफॉक्स मिळालेला पत्ता जेमतेम मिनिटभर लक्षात ठेवतो, म्हणून चहानंतर पहिले पाढे पंचावन्न. काकांनी रोगाचं निदान जवळजवळ केलंच होतं.

पिंग करून ८.८.८.८ ला, म्हणजे गुगलच्या सर्व्हरला, हाक मारली, उत्तर चुटकीसरशी आलं. नेट ठणठणीत. मग एटीसी फोल्डरमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडली. आत नेमसर्व्हरच्या, म्हणजे हे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरच्या, चार ओळी.

पहिल्या दोन ओळी जुन्या इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरच्या. त्याचं कनेक्शन सोडून तीन वर्षं झाली. तिसरी ओळ नव्या इंटरनेटवाल्याची. केबल जोडायला आलेल्या मुलाने वरच्या ओळी न काढता आपली ओळ खाली जोडली असणार. चौथी ८.८.८.८ ची, ती माझी. तीन आठवड्यांपूर्वी घरून रिमोटने घातली होती आणि तिने काहीही फरक पडला नव्हता. पडणारच नव्हता, कारण या मशिनींवरच्या लिनक्समधला नावं शोधणारा भाग, म्हणजे रिझॉल्व्हर, या फाइलमधले पहिले तीनच नेमसर्व्हर वाचतो. चौथ्याकडे तो बघतही नाही.

आता दहाचा हिशेब लागला. प्रत्येक सर्व्हरसाठी ठरलेली वाट पाच सेकंदांची. पहिला गप्प, पाच सेकंद. दुसरा गप्प, आणखी पाच. तिसऱ्याने उत्तर दिलं. डिग कमांडने एकेकाला वेगळं विचारून बघितलं: पहिले दोन मुके, तिसऱ्याचं उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत. जुन्या इंटरनेटवाल्याचे सर्व्हर इतकी वर्षं आपल्याला उत्तर देत राहिले आणि महिन्यापूर्वी थांबले, एवढाच फरक झाला होता.

गिरगावात नवखा माणूस झावबावाडी किंवा खोताची वाडी शोधत आला की नाक्यावर पानवाल्याला विचारतो. टपरी बंद दिसली तर पुढच्याला विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या बंद टपरीपाशी थांबत नाही. रिझॉल्व्हरला मात्र कालचं काही आठवत नाही. प्रत्येक नव्या नावासाठी तो पुन्हा पहिल्याच टपरीसमोर पाच सेकंद उभा राहतो.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण अनेक जाणत्या लोकांचाही यात घोटाळा होतो. सर्व्हर तीन तऱ्हांनी नकार देऊ शकतो. तो गप्प बसला तर मशीन पूर्ण वेळ वाट बघतं. "तुला उत्तर देणार नाही" असं त्याने सरळ सांगितलं तर मशीन तत्काळ पुढच्याकडे जातं, काही बिघडत नाही. पण "असं नावच अस्तित्वात नाही" असं तो म्हणाला, तर ते उत्तर शेवटचं. पुढच्याला कोणी विचारतच नाही. म्हणून पहिल्या ओळीत बाहेरचा सर्व्हर आणि दुसरीत ऑफिसातला, अशी रचना करून ऑफिसातली नावं सापडतील अशी आशा धरू नये. दुसरी ओळ पहिल्याच्या आजारपणासाठी असते, त्याच्या अज्ञानासाठी नव्हे.

चारही ओळी काढल्या. वर अभ्यासिकेत शाळकरी मुलंही बसतात, त्यामुळे क्वाडनाइन या संस्थेचा ९.९.९.९ घेतला. ना-नफा तत्त्वावर चालतो आणि घातक म्हणून ठाऊक असलेल्या साइटचा पत्ता देत नाही. दुसऱ्या ओळीत त्यांचाच १४९.११२.११२.११२. दुसऱ्या कोणाचा घातला असता तर पहिला गप्प झाल्याबरोबर ती राखणही गेली असती. खाली ऑप्शन्सच्या ओळीत टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, दोन सेकंदांवर आणला.

खालच्या तिन्ही मशिनींना पत्ते हाताने दिलेले आहेत, म्हणून तिथे फाइल हाताने लिहिली. वरच्या चार मशिनी सगळं राउटरकडून घेतात, त्यांच्यासाठी राउटरमध्येच बदल केला. वर उबुंटू हा लिनक्सचा प्रकार आहे. तिथे त्याच फाइलमध्ये १२७.०.०.५३ दिसतं, म्हणजे मशीन स्वतःलाच विचारतं आणि खरा सर्व्हर आतली सेवा ठरवते. फाइलच्या डोक्यावर "इथे हात लावू नका" असं लिहिलेलं असतं, ते मानावं. हाताने केलेला बदल तिथे टिकत नाही.

काकांना ती होस्ट्स फाइल फार आवडली. मी सांगितलं की एके काळी अख्ख्या नेटवर्कची अशी एकच यादी होती, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा, आणि जो तो तिथून तिची प्रत उतरवून घ्यायचा. यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. काका म्हणाले, "म्हणजे आधी एकच दाखलनोंद रजिस्टर, मग शाखा झाल्या." चाळीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला समजवावं लागत नाही.

मग त्यांनी स्वतः विद्यापीठाची साइट टाकली. एंटर दाबून सवयीने चष्मा काढून पुसायला घेतला, आणि चष्मा डोळ्यावर परत चढायच्या आत पान समोर होतं. त्यांनी आणखी चार साइट टाकून पाहिल्या. कमिटीच्या विषयपत्रिकेवरचा कॉम्प्युटरचा विषय पेन्सिलीने लिहिलेला होता, तो खोडला.

निघताना फाइलमधल्या ओळी एका कार्डावर तारखेसकट लिहिल्या. खाली लिहिलं: "इंटरनेटवाला बदलला तर आधी फोन करा." काकांनी ते कार्ड सूचीच्या जुन्या लाकडी खणात, "न" च्या कप्प्यात ठेवलं. न नेमसर्व्हरचा.