मरण स्वस्त असलं की सगळेच शूर

आज दादाशी परत तोच वाद. त्याचं म्हणणं एकच, टर्न-बेस्ड, पाळीपाळीने खेळायचे गेम म्हणजे बुद्धिबळाच्या सोंगट्यांना बंदुका दिलेल्या, त्यात युद्ध कुठंय, आपली पाळी येईपर्यंत समोरचा निवांत उभा राहतो असं कुठं असतं का. आणि तो रोज रात्री हेडफोन लावून ओरडत खेळतो ते शूटर, म्हणजे सैनिकाच्या डोळ्यांतून बघत गोळ्या झाडायच्या, ते म्हणे खरं. मी दोन्ही खेळते, आणि बोलताना तो मला एक वाक्य पूर्ण करू देत नाही, म्हणून इथेच लिहून काढते.

आधी त्याच्या बाजूचं, कारण त्यात दम आहे. हेल लेट लूज, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा ऑनलाइन शूटर, खेळायला लागले तेव्हा सगळ्यात जास्त धक्का कशाचा बसला, तर काहीच दिसत नाही याचा. 50 विरुद्ध 50, म्हणजे मॅपवर शंभर माणसं, आणि माझ्यासमोर काय तर झुडपं, कुंपण, धूर आणि परत झुडपं. शत्रू म्हणजे लांबवर हललेला एक ठिपका, तो आपला की त्यांचा हे कळेपर्यंत तो गायब. गोळी लागली का नाही ते सांगणारी खूण स्क्रीनवर येत नाही. आपल्याला रायफलची एक गोळी छातीत लागली की बहुतेक वेळा खेळ खल्लास, ती कुठून आली ते विचारत बसायचं नाही. बाकी वेळ नुसतं चालायचं, पळायचं, आणि कानात तीन-तीन ठिकाणचे आवाज, जवळ उभा असलेला वेगळा, आपल्या तुकडीचा वेगळा, आणि ऑफिसर झालात तर बाकीच्या ऑफिसरांचा वेगळा, सगळे एकाच वेळी बोलणार.

आर्मा 3, हा पण लष्करी शूटर, तर आवाजाच्या बाबतीत अजून पुढे. रायफलची गोळी आवाजाहून जोरात येते, त्यामुळे आधी कानाजवळ कडक् असा फटका ऐकू येतो आणि बंदुकीचा धप्प मागाहून. 400 मीटरवरून कोणी मारत असेल तर दोन्हीमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आसपास फट पडते, जुने खेळाडू त्या फटीवरून मारणारा किती लांब आहे ते सांगतात, मला अजून जमत नाही, मी आडवी पडून मोकळी होते. हे कुठल्याच टर्न-बेस्ड गेममध्ये मिळणार नाही. एक्सकॉममध्ये, म्हणजे परग्रहवाल्यांशी लढायच्या टर्न-बेस्ड गेममध्ये, सप्रेशन (गोळीबाराने शत्रूला दाबून धरणं) म्हणजे काय, तर शत्रूच्या नेमातून 30 वजा, एक लाल बाण, संपलं. स्क्वॉड या तसल्याच शूटरमध्ये 2023 च्या मोठ्या अपडेटनंतर गोळ्या डोक्यावरून जायला लागल्या की नजर धूसर होते, बंदूक हातात ठरत नाही, पळून आल्यावर तर नेम धरणं मुश्कील. त्यावर जुन्या खेळाडूंनी केवढा आरडाओरडा केला, आमच्या नेमबाजीची वाट लावली म्हणून. पण मला ते फार आवडलं, कारण त्याआधी डोक्यावरून मशीनगन चालू असताना लोक आरामात उभं राहून नेम धरायचे.

हे सगळं दादाला दिलं. आता माझं.

हेल लेट लूजमध्ये पडलं की दोन रस्ते असतात, मेडिकची वाट बघायची नाहीतर हार मानून पुढच्या खेपेला परत यायचं. सांगा किती लोक वाट बघतात? तिकडे मेडिक बिचारा सिरिंज घेऊन धावत येतोय, ओरडतोय की थांब थांब दहा मीटरवर आहे, आणि जखमी गडी बटण दाबून केव्हाच निघून गेलेला, आता तो मागच्या गॅरिसनवरून (परत उतरायच्या तळावरून) परत धावत येतोय. स्क्वॉडमध्ये निदान प्रत्येक मरणाला संघाचं एक तिकीट कमी होतं (सगळी संपली की संघ हरतो), पण ते तिकीट सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. त्यामुळे होतं काय की सगळे शूर. उघड्या शेतातून सरळ पळत सुटतात, मशीनगन कुठे आहे ते शोधायला स्वतः मरून बघतात, आणि वर मॅपवर खूण करून सांगतात की तिथे आहे बघा. मी पण तेच करते, खोटं कशाला बोलू. दादा ज्याला खरं म्हणतो त्यात झाडाचं पान खरं आहे, बंदुकीचा बोल्ट खरा आहे, बूट चिखलात वाजतात ते पण खरं, फक्त माणसं वागतात ती युद्धातल्या माणसांसारखी अजिबात वागत नाहीत. जिवाची किंमत शून्य असताना कोण कशाला घाबरेल.

आता 1994 चा एक्स-कॉम घ्या. ज्युलियन गॉलपचा, त्याआधी 1988 मध्ये त्याने लेझर स्क्वॉड केला होता, त्याच वंशातला. चित्रं बघितली तर आजच्या पोरांना हसू येईल. विमानाचा दरवाजा उघडतो, बाहेर अंधार, आणि पहिला सैनिक उतारावर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच समोरच्या काळोखातून काहीतरी येतं आणि तो खलास. माझी पाळी चालू असताना! कारण त्यांच्याकडे टाइम युनिट (पाळीत हालचालीला मिळणारे गुण) शिल्लक असतील आणि प्रतिक्रिया तुमच्यापेक्षा चपळ असेल तर ते मध्येच मारतात. म्हणजे दादाचं ते "निवांत उभा राहतो" पण पूर्ण बरोबर नाही. आणि तो मेलेला सैनिक परत येत नाही. कधीच नाही. त्याच्या जागी नवा कोरा रंगरूट येतो ज्याचा नेम भिंतीला पण लागत नाही.

त्यात लोकांना (मला पण) एक खोड असते, सैनिकांना घरच्यांची, मित्रांची नावं द्यायची. 1994 वाल्याच्या 2012 च्या नव्या अवतारात, म्हणजे एक्सकॉममध्ये, माझी स्नायपर मावशी होती, हेवीचं (जड शस्त्रवाल्याचं) नाव दादा, आणि मेडिक मी स्वतः. मावशी कर्नलपर्यंत पोचली होती. मग ती गेली, बॅरॅकमध्ये मेलेल्यांची भिंत असते तिथे तिचा फोटो लागला, आणि मी दुसऱ्या दिवशी तिला खरोखर फोन केला, काही काम नव्हतं. तिला अर्थात काही सांगितलं नाही, काय सांगणार, तुला एका छत्तीस टक्क्यांच्या गोळीने मारलं म्हणून?

टक्क्यांवरून आठवलं. या गेममधली सगळ्यात खोटी गोष्ट म्हणजे तो आकडा. कुठल्या सैनिकाला गोळी मारायच्या आधी 65 टक्के लिहिलेलं दिसतं? पण गंमत अशी की आकडा समोर असून माणसाला तो कळत नाही. 95 टक्के म्हणजे आपल्या डोक्यात "लागणारच". पण अशा वीस गोळ्या मारल्या तर त्यातली एक तरी चुकण्याची शक्यता 64 टक्के आहे, हिशेब करून बघा. सत्तर-सत्तरच्या दोन गोळ्या दोन्ही लागायची शक्यता पन्नासच्याही खाली. लोक यावर इतके चिडतात की एक्सकॉमवाल्यांनी सोप्या लेव्हलला गुपचूप आपल्या बाजूने काटा मारून ठेवलाय, लागोपाठ चुकलं की दिसतो त्यापेक्षा आकडा आत वाढवतात. जॅग्ड अलायन्स 3 या दुसऱ्या टर्न-बेस्ड गेमने 2023 मध्ये टक्के दाखवायचंच बंद केलं, अंदाजाने मारा म्हणाले, तर लोकांनी टक्के परत दाखवणारे मॉड (गेममध्ये खेळाडूंनीच केलेले बदल) काढले. मला फिनिक्स पॉइंट या अजून एका टर्न-बेस्ड गेमची रीत सगळ्यात पटते, दोन वर्तुळं दाखवतात, निम्म्या गोळ्या आतल्यात जाणार, बाकीच्या बाहेरच्यात, आणि प्रत्येक गोळी खरोखर उडते, मध्ये भिंत आली तर भिंतीत.

पण मला सांगायचं होतं ते वागण्याचं. मावशी गेल्यावर मी कशी खेळायला लागले? एक पाऊल टाकायचं, सगळ्यांना ओव्हरवॉचवर (शत्रू हलला की गोळी मारायच्या तयारीत) ठेवायचं, पाळी संपवायची. परत एक पाऊल, परत ओव्हरवॉच. अख्खं मिशन गोगलगायीसारखं. आणि हे माझंच नाही, सगळेच असं खेळत होते, इतके की बनवणाऱ्यांना ते सोडवत बसावं लागलं. 2013 च्या एनिमी विदिन या जोड-भागात त्यांनी मेल्ड नावाच्या कामाच्या मालाचे डबे ठेवले, काही पाळ्यांत जाऊन उचलले नाहीत तर ते नष्ट होतात, म्हणजे लालूच. तेवढ्याने लोक हलेनात म्हणून 2016 च्या एक्सकॉम 2 मध्ये अनेक मिशनना सरळ पाळ्यांचा टायमर लावला, आणि त्यावर एवढी बोंब झाली की टायमर काढून टाकणारी मॉड आली. विचार करा, खुर्चीत बसलेली, चहूबाजूंनी वरून बघणारी, अमर्याद वेळ असलेली माणसं, आणि त्यांना पुढे ढकलायला मागून काठी लागते. मरण महाग केलं, बस, बाकी काही केलं नाही.

आणि हे शूटरमध्ये पण होतं, हा माझा हुकमाचा एक्का, जो दादासमोर टाकेपर्यंत तो उठून गेला. आर्मामध्ये जे ग्रुप रात्र ठरवून मोहीम खेळतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा नियम असतो की एकच जीव. मेलात की संपलं, बाकीचे खेळतात आणि तुम्ही बघत बसा. तिथे तीच माणसं, जी हेल लेट लूजमध्ये शेतातून बोंबलत पळत होती, एका रस्त्यापलीकडे जायला पंधरा मिनिटं लावतात. एक जण पळणार, बाकीचे बंदूक धरून बघणार, मग दुसरा. आमच्या तुकडीचा म्होरक्या एकदा भिंतीमागून कुजबुजत काय बोलला, "सगळे थांबा रे, आधी नीट बघू, कुणी हलायचं नाही." अरे हेच तर ओव्हरवॉच! कुणी शिकवलं नाही, एक्सकॉम त्यातल्या निम्म्यांनी खेळला पण नसेल. ग्राफिक्स तेच, बंदुका त्याच, फक्त परत येण्याचं बटण काढून घेतलं, आणि वागणं बदललं.

उलट पण होतं. एक्सकॉममध्ये सेव्ह लोड करत, म्हणजे चुकलं की मागे जाऊन परत, खेळलं की मरण परत फुकट. 2012 वाल्यात त्यांनी शहाणपणा केला होता, तीच गोळी परत मारली तर तोच निकाल, पण लोक त्यावर पण मात करतात, आधी दुसऱ्याला हलवायचं मग मारायचं की फासे बदलतात. म्हणून आयर्नमॅन, एकच सेव्ह, मागे फिरणं नाही. आयर्नमॅन न लावता खेळणाऱ्याने दादाला नावं ठेवू नयेत असं माझं मत आहे, आणि मी लावते, कधीकधी रडते.

दिसणं म्हणजे खरं असणं नव्हे याचा पुरावा हवा तर 2022 मध्ये आर्मा बनवणाऱ्या बोहेमियावाल्यांना जाहीर सांगावं लागलं की आर्मा 3 चे व्हिडिओ खऱ्या युद्धाचे म्हणून पसरवले जातायत, कृपया फसू नका, वर ते ओळखायचे कसे हे पण समजावलं. त्यात एक खूण अशी की असल्या व्हिडिओत माणसं फारशी नसतात, कारण गेममधली माणसं नैसर्गिक हलत नाहीत. म्हणजे रणगाडा चालतो, माणूस नाही चालत.

टर्न-बेस्डचं पण खोटं सांगून टाकते, नाहीतर एकतर्फी होईल. एक्सकॉममधले शत्रू टोळक्याने आपापल्या कोपऱ्यात उभे, आपण दिसेपर्यंत लढाईत नसतातच. शेजारच्या खोलीत ग्रेनेड फुटतायत आणि हे इकडे ढिम्म. आणि मी आकाशातून सगळं बघतेय, माझ्या सहा जणांपैकी एकाला जे दिसतं ते सहाही जणांना त्याच क्षणी ठाऊक. हेल लेट लूजमध्ये हीच बातमी पोचवायला चौघांना ओरडावं लागतं आणि तरी चुकीची पोचते. यात दादा जिंकला.

2005 चा ब्रदर्स इन आर्म्स मला म्हणूनच लक्षात राहिलाय, बंदूक आपल्या हातात पण जिंकायचं तर एका टीमला गोळीबारात शत्रू दाबून धरायला लावायचं आणि दुसरी बाजूने न्यायची, आणि मध्येच बटण दाबून वरून मैदान बघता येतं, चक्क पॉज. पण मिशनमध्ये पडलेले आपले लोक पुढच्या मिशनला हजर, गोष्टीत मरायचे ठरलेले सोडून. तिथे घोडं अडलं.

आता मी कॉम्बॅट मिशन उचललाय. ही जुनी मालिका, पहिला 2000 सालचा. यात पाळी आहे पण कोणाची नाही, दोन्ही बाजू हुकूम देतात आणि मग 60 सेकंद दोघांचं एकदम चालू, त्या मिनिटात तुम्ही काहीही करू शकत नाही, फक्त बघायचं. परवा एक तुकडी कुंपण ओलांडून पाठवली, दहाव्या सेकंदाला डावीकडून मशीनगन सुरू झाली, आणि उरलेली पन्नास सेकंद मी माउस नुसता टकटक वाजवत बसले, दोन जण आडवे, एक उलट पळाला कारण इथे सैनिकांचा धीर सुटतो आणि ते ऐकत नाहीत. दादा मागे उभा होता. म्हणाला, थांबव की, पळव त्यांना मागे. म्हटलं नाही थांबवता येत. तर खुर्ची ओढून बसला आणि पुढचा हुकूम काय द्यायचा त्यावर आमचं वीस मिनिटं भांडण, मिनिटाभराच्या खेळासाठी. दिसायला गेम भिकार आहे, मेनू तर कोणी बनवले देव जाणे, मॅन्युअल आहे भलंमोठं आणि ते आता दादाने त्याच्या टॅबवर घेतलंय, मला देत नाहीये.